ओल्या हिरवळीची कड

माटुंग्याला गेले होते ते पेपर तपासणीच्या बैठकीसाठी. बैठक तासाभरात आटपली. बाहेर पडले तर सर आली, म्हणून बसस्टॉपचा मोठा रस्ता सोडून मी आतल्या गल्लीत शिरले. आत झाडं दाट आहेत, निम्मा पाऊस वरच्या वर अडतो, असं मी स्वतःला सांगितलं. ते काही खरं नव्हतं. ती गल्ली मी जवळजवळ चाळीस वर्षं टाळत आले होते. टाळलेल्या जागेकडे आपले पाय आपणहून वळले, तर मी त्या पायांवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

गल्लीच्या टोकाला कॉलनीची ती गोल बाग अजून आहे. भोवतीच्या दोन मजली, गोल गॅलऱ्यांच्या इमारती गेल्या. त्यांच्या जागी काचेचे उंच टॉवर आलेत आणि त्यांच्या तळाशी बाग हातरुमालाएवढी दिसते. गवत कापायचं यंत्र एका कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकून ठेवलं होतं. ओल्या गवतात ते चालत नाही, पात्यांत लगदा अडकतो. पण विटांच्या वाटेशी एक बाई उकिडवी बसली होती. डोक्यावर गोणीची खोळ, हातात लांब पात्यांची कात्री. पुढ्यात दोन खुंट्यांना ताणून बांधलेली सुतळी, आणि त्या सुतळीच्या रेषेत ती वाटेवर चढलेल्या गवताची कड कापत होती. कच्च, कच्च, मग थोडं थांबणं, मग पुन्हा कच्च.

मी जाळीला धरून उभी राहिले. आणि वास आला.

कापलेल्या ओल्या गवताचा वास कुणाला काकडीसारखा वाटतो, कुणाला कैरीसारखा. मला तो आमच्या घोडपदेवच्या खोलीसारखा वाटतो. चाळीचा दुसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. पावसाळ्यात कपडे आतच वाळत. दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. निळ्या कोटातली तसबीर आणि तिच्या शेजारची बुद्धाची, या दोघांना ओल लागू नये म्हणून हातभर सोडून बांधलेली. त्या दोरीवर आईची कामाची साडी असे, आणि साडीच्या काठाला गवताचे बारीक तुकडे चिकटलेले असत. स्टो पेटला की साडीतून वाफ निघायची. रॉकेल, चहा, ओलं सूत आणि गवत यांचा मिळून एक वास खोलीत बसायचा तो सकाळपर्यंत हलायचा नाही. त्या वासात मी सहावीचा अभ्यास केला. त्या वर्षीच्या इतिहासाच्या पुस्तकाची पानं मला अजून हिरवट आठवतात. ती हिरवट नसणार, हे मला माहीत आहे. आठवणीने दिलेलं उत्तरही मी तपासल्याशिवाय सोडत नाही.

आई त्या वर्षी होळीनंतर माळीकामाला लागली होती. ती घाटावरची, जुन्नरकडची. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून डब्यात लावलेल्या कोरफडीखेरीज तिच्या हाताला माती लागली नव्हती. चाळीतल्या कुणीतरी या बागेतलं काम सांगितलं आणि ती दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिली. सकाळी स्वयंपाक आटपून अकराला निघायची, चारला घरी. उन्हाळाभर कुणाला काही वाटलं नाही. नखांतली माती ती काडीने कोरून काढायची, आणि मला ते बघत बसायला आवडायचं.

मग पाऊस लागला आणि घरात संशय आला.

पहिला शब्द शेजारच्या कमलकाकूचा. गॅलरीत उभी राहून तिने मला विचारलं, पण आवाज खोलीत बसलेल्या बाबांपर्यंत जाईल इतका ठेवून. "काय गं, तुझी आई अजून जाते बागेत?"

"हो. रोज."

"एवढ्या पावसात? गवत पावसात कोण कापतं? आमच्या गावाला दिवाळीला कापतात, वाळल्यावर." एवढं बोलून ती आपली बादली उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी आई आली तेव्हा बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं.

बाबा माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये टाइमकीपर होते. फाटकाजवळच्या खिडकीत बसायचं आणि कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहायचं. सात वाजून एक मिनिटाने आलेला माणूस काहीतरी बनवून सांगणार, असं त्यांनी धरून ठेवलेलं होतं, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बहुतेक माणसं बनवूनच सांगत. घरीही तीच नजर. दुधात बोट बुडवून बघायचे. माझ्या पेन्सिलीची लांबी त्यांना पाठ असायची. ते वाईट नव्हते. मला ताप आला की कपाळावर ओल्या घड्या बदलत बसणारे तेच. पण काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते, हे त्यांना कळत नसे. मी स्वतः आई झाले तेव्हा ते मलाही कळत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

आता ते एकेक गोष्ट गोळा करायला लागले, आणि मी त्यांच्याबरोबर. छत्री, उदाहरणार्थ. आई जाताना छत्री न्यायची. परत यायची तेव्हा ती स्वतः निथळत असायची आणि छत्री कोरडी. बाबांनी एकदा ती उघडली, कापडावरून हात फिरवला आणि पुन्हा मिटून खुंटीला लावली. "हिच्यावर थेंब पडलेला नाही," ते मला म्हणाले. दोन्ही हातांत कात्री धरली की छत्री धरायला तिसरा हात नसतो, एवढा साधा विचार आमच्या दोघांच्या डोक्यात आला नाही.

मग सोनटक्का. एका संध्याकाळी आईच्या पदराच्या गाठीतून दोन पांढरी फुलं निघाली, चुरगळलेली, तरी खोली भरून टाकणारी. तिने ती पितळी पेल्यात ठेवली. बाबा त्या पेल्याकडे जेवण होईपर्यंत बघत होते.

आणि सगळ्यांत वाईट तो शब्द. माझ्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला तेव्हा आई पटकन म्हणाली, "कित्याक गो एवढी घाई?"

बाबांनी पेपर खाली केला. "हे कुठलं बोलणं?"

"कुठलं?"

"कित्याक."

आईच्या लक्षात आलं. "बागेत बोलतात."

"कोण?"

"मोठे माळी आहेत ना. मालवणचे."

"नाव?"

"परब."

बाबांनी पेपर पुन्हा वर धरला. खूप वेळ पान मात्र उलटलं नाही. मी जमिनीवरचं पाणी पुसत होते आणि जुन्नरच्या बाईच्या तोंडी मालवणचा शब्द कसा येतो, याचा विचार करत होते. एखादा शब्द असा जिभेवर बसायला किती दिवस लागत असतील? रोज किती बोलावं लागत असेल? मी अकरा वर्षांची होते आणि हिशेब करत होते.

त्या दिवसांत आई बदलली होती, हेही खरं. निघताना आरशासमोर ती जरा जास्त थांबायची. पीठ मळताना गुणगुणायची. तळहातावर कात्रीने उठवलेले फोड होते, ते ती मला कौतुकाने दाखवायची. "हे बघ, हा उद्या फुटेल." दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही. दुखत नसेल कसं, असा मला संशय यायचा.

श्रावणातला एक शुक्रवार. आई गिरणीवर दळण आणायला गेली होती. बाबांनी मला जवळ बोलावलं.

"उद्या शाळा सकाळची ना? सुटली की माटुंग्याला जाशील? बस माहीत आहे तुला."

"आईला डबा द्यायचाय?"

"नाही. आईला कळू द्यायचं नाही. नुसतं बघून यायचं. कोण असतं, काय करतात, किती वाजता. नीट लक्षात ठेव. तू हुशार आहेस."

मी हुशार आहे असं बाबांनी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी माटुंग्यालाच काय, कुठेही गेले असते.

शनिवारी पाऊस दुपारपासून लागून राहिला होता. कॉलनीत शिरले तेव्हा घराघरांतून कॉफी दळल्याचा वास येत होता, आणि दारांत रांगोळ्या होत्या त्या भिजून पांढरं पाणी झालेल्या. रस्त्यावर माणूस नव्हतं. बागेच्या फाटकाबाहेर एक मोठा पर्जन्यवृक्ष होता. त्याचा बुंधा माझ्यासारख्या तीन मुली मावतील एवढा. मी रेनकोटाची टोपी पुढे ओढली आणि त्याच्या आड उभी राहिले.

आई तिथे होती. ती खरोखरच गवत कापत होती.

आधी तिच्या हातात अर्ध्या चंद्रासारख्या पात्याचं फावडं होतं. ते सुतळीच्या रेषेवर उभं धरायचं, पाय ठेवून दाबायचं, की ओल्या मातीत पातं न अडखळता जायचं. मग पुढचा चंद्र, मग त्यापुढचा. वाटेवर आलेली हरळी मुळांसकट सुटून यायची, आणि आई ती चटईची कड गुंडाळावी तशी गुंडाळून टोपलीत टाकायची. मग खाली बसून कात्रीने उरलेली पाती. तिच्या मागे विटांची वाट आणि हिरवळ यांच्यामध्ये एक काळी, ओली, सरळ रेष राहत होती. इतकी सरळ की भूमितीच्या वहीतही मला तशी कधी जमली नव्हती.

सुतळीचं दुसरं टोक परबांच्या हातात होतं. खाकी अर्धी चड्डी, पांढरे खुंट वाढलेली दाढी. वय काय असेल सांगता येत नाही, त्या वयात मला सगळी मोठी माणसं एकाच वयाची वाटत. टोक त्यांनी खुंटीला न बांधता बोटाला गुंडाळलं होतं.

"सुमनबाय, वाकडी जातस हां," ते म्हणाले.

"तुमचा दोर वाकडा, भाऊ. माझी कड नाय!" असं म्हणून आई हसली.

ते हसणं मी ओळखलं नाही. घरी आई तोंडावर पदर धरून हसायची. हे हसणं फाटकापर्यंत, माझ्या झाडापर्यंत येत होतं. माझ्या आईचा आवाज इतका मोठा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि जे मला कोणी सांगितलं नाही ते माझ्यापासून लपवलेलं असणार, अशी माझी समजूत होती.

थोड्या वेळाने समोरच्या इमारतीतल्या एका घरातून चहा आला. एक कप, एक बशी. परबांसाठी असणार. ते दोघं अवजारांच्या पत्र्याच्या छपराखाली जाऊन बसले. परबांनी अर्धा चहा बशीत ओतला आणि कप आईपुढे धरला. ती कपातून प्याली, ते बशीतून. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि ते काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग परबांनी तिच्या हातातून कप घेतला, पागोळीखाली धरून स्वतः विसळला आणि बशीवर पालथा ठेवला. पाऊस वाढला तेव्हा आपल्या डोक्यावरची गोणीची खोळ काढून त्यांनी तिला दिली.

हे सगळं मी पाठ केलं. कप, बशी, विसळणं, खोळ. आईच्या लहानपणी, तिच्या गावच्या हॉटेलात तिच्या वडिलांसाठी वेगळा फुटका कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा आणि तो त्यांनाच धुवावा लागायचा, हे तिने मला फार नंतर, मी कॉलेजात असताना सांगितलं. तेव्हाही मला पागोळीखालचा तो कप आठवला नाही. आठवला असता तर बरं झालं असतं. त्या शनिवारी मला तो फक्त पुरावा वाटला.

मी हाक मारली नाही. मागच्या मागे वळून बसस्टॉप गाठला.

घरी बाबा वाट बघत होते. मी उभी राहून सांगितलं, शाळेत कविता म्हणतात तसं. ते मध्ये मध्ये विचारत होते.

"किती अंतरावर बसले होते?"

"एवढं." मी हात करून दाखवलं.

"एकाच कपातून?"

"तिने कपातून. त्यांनी बशीतून."

"हसत होती?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो."

यावर बाबा उठून खिडकीशी गेले. मला वाटतं, चहापेक्षा ते हसणं त्यांना जास्त लागलं. मी एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. दुपारभर मला त्याचा अभिमान वाटत होता.

आई साडेपाचला आली. चपला दाराबाहेर उलट्या करून ठेवल्या, केस पिळले, स्टोपाशी बसली आणि पंप मारायला लागली. बाबा खिडकीजवळ होते. तिकडूनच म्हणाले, "चहा कसा होता?"

"कुठला?"

"कपातला."

आईचा हात पंपावर थांबला. तिने बाबांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"गोड होता," ती म्हणाली, आणि पुन्हा पंप मारायला लागली.

रविवार गेला. सोमवारी मी शाळेतून आले तर आई घरात, तांदूळ निवडत बसलेली. साडी कोरडी.

"गेली नाहीस?"

"नाही."

त्यानंतर ती कधीच गेली नाही. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. बाबांनी तिचं जाणं बंद केलं असणार. आठवड्याभरात खोलीतला गवताचा वास आधी साडीतून गेला, मग दोरीतून, मग माझ्या दप्तरातून. तळहातावरचे फोड फुटले, सुकले, त्यांची पांढरी सालं निघाली. तिने घरी पाकिटं चिकटवायचं काम घेतलं आणि त्या कोपऱ्यात खळीचा आंबट वास येऊन बसला. पितळी पेला पुन्हा पाणी प्यायचा झाला. कित्याक हा शब्द आमच्या घरात परत कोणी उच्चारला नाही. पुढे पावसाळे आले ते नुसते ओल्या कपड्यांचे आले.

मी बाबांना माफ केलं नाही. भांडले वगैरे काही नाही. फक्त त्यांना काही सांगायचं बंद केलं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज हॉस्पिटलात जायचे, डबा न्यायचे, औषधं लिहून ठेवायचे, वेळच्या वेळी. त्यांचा हात तेवढा कधी धरला नाही. त्यांनी दोनदा पुढे केला होता. मी ग्लास दिला.

आणि मी काय झाले, तर त्यांच्यासारखीच. परळच्या एका शाळेत शिकवते. परीक्षेच्या वर्गात मी फिरत असले की मुलं शेजाऱ्याकडे पट्टीसुद्धा मागत नाहीत. नवऱ्याचा डबा अर्धवट परत आला की मी तो उघडून आधी वास घेते. माझी मुलगी बंगळुरूला नोकरी करते. ती एकदा फोनवर म्हणाली, "आई, तू माझ्याशी बोलतेयस की जबाब घेतेयस?" तेव्हापासून ती मला थोडक्यात उत्तरं देते, आणि थोडक्यात उत्तरांचा तर मला जास्तच संशय येतो.

जाळीपलीकडच्या बाईने मान वर करून बघितलं. "काय पाहिजे, मॅडम?"

"काही नाही. पावसात का कापताय, ते बघत होते."

"यंत्र नाय चालत ना ओल्यात."

"मग ऊन पडल्यावर?"

"उन्हात माती फुटते, कड तुटते." तिने हाताने रेषेवरून थोपटलं. "ओल्यात पातं सरळ बसतं. आता केलं की दिवाळीपर्यंत बघायला नको."

बस, एवढंच. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या खोलीतल्या कोणीही हा प्रश्न विचारला असता तर आईने हेच सांगितलं असतं, बहुतेक याच शब्दांत. आम्ही छत्रीला विचारलं, घड्याळाला विचारलं. तिला विचारलं नाही.

बाई अजून माझ्याकडेच बघत होती. "तुम्ही कमिटीच्या का? फोटो काढू नका हां. मी बसून नव्हते, खुंटी बदलत होते."

"नाही, नाही," म्हणत मी तिथून निघाले. माझ्या उभं राहण्यातच काहीतरी असणार.

आई आता आमच्याकडेच असते, परळला, बाराव्या मजल्यावर. घरी आले तर ती जेवणाच्या टेबलाशी वाल सोलत बसली होती. मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले. वयाने तिची बोटं वाकलीत, पण वालाचं साल ती अजून एका चिमटीत काढते.

मी पंचाने केस पुसत तिच्यासमोर बसले. "आज माटुंग्याच्या त्या बागेपाशी गेले होते."

तिचे हात थांबले नाहीत. "आहे अजून?"

"आहे. कोणीतरी बाई कड कापत होती."

"सरळ कापत होती?"

"हो."

"मग बरं."

थोडा वेळ नुसते वाल वाटीत पडत राहिले. मग मी इतक्या वर्षांचं बोलून टाकलं. "बाबांनी तुला तिथे जाऊ द्यायला हवं होतं."

आईने वर बघितलं. "त्यांनी कुठे अडवलं?"

"म्हणजे?"

"सोमवारी कामावर जाताना त्यांनीच विचारलं. 'आज जाणार ना?' म्हणून. मीच म्हटलं, नाही जायचं. त्यांना पटलं नाही. दोन-तीनदा म्हणाले, जा म्हणून. एकदा तर छत्री काढून दारात ठेवली." ती वालाकडे वळली. "तुझे बाबा घड्याळ बघायचेच. लग्न झाल्यापासून बघत होते. त्याची मला सवय होती गं."

"मग का सोडलंस?"

"तू झाडाआड उभी होतीस."

मी पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"रेनकोट दिसला. म्हटलं, आता येईल पळत, हाक मारेल. मी परबांना सांगितलंसुद्धा, ती बघा माझी लेक आली. घोटभर चहा ठेवला होता तुझ्यासाठी. तू येईचना. मग परब म्हणाले, लाजली असेल. मला कळलं होतं, लाजलेली नाही." तिने एक खराब वाल बाजूला टाकला. "दुसऱ्या दिवशी विचार केला. रोज तिथे जायचं, वाकून कड कापायची, आणि मधेमधे मागे वळून बघायचं, झाडाआड कोणी आहे का. तसलं नको वाटलं."

"मी सहावीत होते, आई."

"हो ना. म्हणून तर काही बोलले नाही."

खिडकीबाहेर पाऊस टॉवरांमधून तिरका येत होता. मला बाबांचा हात आठवला, हॉस्पिटलच्या चादरीवर पुढे आलेला, आणि मी त्यात ठेवलेला ग्लास. ज्या गोष्टीसाठी मी त्यांना इतकी वर्षं शिक्षा दिली ती त्यांनी केलीच नव्हती. माझा राग त्यांनी काहीही न विचारता घेतला. सगळ्या जगाला वेळ विचारणारा माणूस, पण मला त्यांनी एकदाही विचारलं नाही की तू माझ्याशी का बोलत नाहीस. की त्यांना उत्तराची भीती वाटत होती? आता कोणाला विचारणार?

माझे डोळे भरून आले ते आईने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. वाटी माझ्याकडे सरकवली. मीही सोलायला लागले. माझ्या हातून वाल अर्धे तुटत होते.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "एक विचारू?"

"विचार ना. सरळ विचार."

"परब तुझे कोण होते?"

आईने हातातला वाल पूर्ण सोलला, वाटीत टाकला, बोटं पाण्यात बुडवून पदराला पुसली.

"नाही सांगत," ती म्हणाली.

"का?"

"माझं आहे ते. राहू दे माझ्याकडे. उठ, कुकर लाव, साडेसात वाजले."

तिने मान पुन्हा वाटीवर घातली. तिचा चेहरा मला दिसेना. जरा वाकले असते तर दिसला असता, आणि मला चेहरे वाचता येतात, तीस वर्षं तेच करत आले आहे. मी उठले. तांदूळ धुतले, पाणी घातलं, झाकण बसवलं. तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, आणि वळून बघितलं नाही.